रिंगणात मालकानं बोलू नये

डॉक्टर माणसांना अरेतुरे करायचे आणि जनावरांना अहोजाहो.

नवा माणूस हे ऐकून हसायचा. त्याला वाटायचं, हा ठरवून केलेला विनोद आहे. तसं नव्हतं. सरकारी गुरांच्या दवाखान्यात उभा जन्म काढून ते निवृत्त झाले होते आणि त्यांची जीभच तशी वळली होती. एखादा पुढारी गाडीतून उतरून समोर आला, तर म्हणायचे, "काय रे, पोट सुटलं तुहं." आणि त्याच पुढाऱ्याच्या गोठ्यातल्या म्हशीला, "तुमी जरा तिकडं सरकता का? मले कासेकडून पाह्यचं हाय." म्हैस सरकायचीही. पुढारी मात्र दिवसभर फुगलेला असायचा.

मी लग्न होऊन अनसिंगला आले आणि तिथल्याच शाळेत शिकवायला लागले. सासरे जनावरं पाळणाऱ्यांच्या संघाचे जुने सभासद. संघाचं वार्षिक अधिवेशन वाशीमला, बाजाराच्या मोठ्या आवारात भरायचं. सकाळी भाषणं आणि ठराव, दुपारी जनावरांची निवड, ऊन कललं की बक्षिसं. माईकवर बोलायला कुणीतरी हवं म्हणून सासऱ्यांनी मला पुढे केलं. पहिल्याच वर्षी मी डॉक्टरांचा परिचय वाचत होते. ते संघाचे मुख्य पंच. अर्धा परिचय झाला असेल, तोच ते जवळ आले, माईकवर पंजा ठेवला आणि म्हणाले, "मास्तरीन, बंद कर हे. तिकडं जनावरं उन्हात उभी हायेत."

तेव्हापासून मी त्यांची मास्तरीन.

अंगात बारमाही पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. पायात मात्र रबरी गमबूट, भर उन्हाळ्यातसुद्धा. लग्नाच्या पंगतीलाही ते गमबूट घालूनच बसायचे. गोठ्यात शिरताना जंतुनाशकाच्या पाण्यात पाय बुडवायचे, बाहेर पडतानाही बुडवायचे. लाल औषधानं हात धुऊन धुऊन त्यांच्या बोटांना कायमचा तपकिरी रंग चढला होता. अधिवेशन जवळ आलं की ते कुणाच्याही घरी चहा घेत नसत. स्पर्धेत ज्याचं जनावर आहे त्याच्या घरचं काही तोंडात घालायचं नाही, हा नेम. आता अनसिंगात जनावर नाही असं घर शोधून सापडायचं नाही. मग ते चहासाठी वाशीमच्या रेल्वे स्टेशनावर जायचे. गाडी नसतानाही फलाटावर एकटेच चहा पीत बसलेले दिसले, की आम्ही ओळखायचो, अधिवेशन आलं.

त्यांची जनावर पारखायची तऱ्हाही वेगळीच. हार घातलेलं, शिंगं रंगवलेलं जनावर ते बघायचेच नाहीत. "कपडे घालून आनलेलं जनावर मले पाह्यता येत नाही," म्हणायचे. वळूसमोर ते उकिडवे बसायचे आणि तो आपणहून त्यांच्याकडे बघेपर्यंत तसेच राहायचे. मग उठून, "येऊ का?" विचारून अंगाला हात लावायचे. आणि या सगळ्यात एक कडक नियम होता. रिंगणात मालकानं बोलू नये. नाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही, काही म्हणजे काही नाही. एकदा एका मोठ्या जमीनदारानं नुसतं खाकरलं, तर डॉक्टर त्याचं जनावर सोडून पुढच्याकडे गेले. मी एकदा त्यांना विचारलं, की एवढं कशाला. ते म्हणाले, "मानूस बोलला का मले थोच ऐकू येते. मंग जनावर ऐकू येत नाही."

हा नियम सगळ्यांना जाचायचा, पण सगळ्यांना आवडायचाही. वशिला कुणाचा चालणार नाही, याची खात्री होती. गरिबाचं जनावर आणि श्रीमंताचं जनावर डॉक्टरांपुढे मुकंच उभं राहायचं.

मग आमच्याकडे लम्पी आला. जनावरांच्या अंगावर गाठी येणारा तो रोग. डॉक्टर तेव्हा निवृत्त झालेले होते, तरी स्कूटरवर बर्फाची पेटी बांधून लस टोचत गावोगाव, तांड्यातांड्यात फिरले. काही ठिकाणी लस पोचायच्या आधी रोग पोचला होता. मानोऱ्याच्या बाजूला एका शेताच्या बांधाशी जेसीबीनं खड्डा खणून बैल पुरताना ते उभे होते. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. सासऱ्यांनी एकदा विषय काढला, तर चहाचा कप तसाच ठेवून उठून गेले. स्टेशनावरचाच कप होता तो.

पुढे ज्या वर्षीची ही गोष्ट आहे, त्या वर्षी रोग ओसरला होता. संघानं मधे बंद ठेवलेलं अधिवेशन पुन्हा भरवलं. आवार गच्च भरलं होतं. रिसोडकडून, मंगरूळपीरकडून टेम्पो भरभरून जनावरं आली होती. तांबडी, कपिली, पांढरी. दोन वर्षं घरात कोंडलेली माणसं मोकळी झाल्यासारखी सगळी एकमेकांना भेटत होती.

त्या गर्दीत देवकाबाई आल्या होत्या. मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावरच्या. नवरा आणि मुलगा दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले. या मात्र त्या वर्षी गेल्या नाहीत, कारण घरी शेंदऱ्या होता. शेंदऱ्या म्हणजे त्यांचा तांबडा वळू. त्याला उन्हात उभं केलं की अंगावर शेंदूर फासल्यासारखा दिसायचा. तांड्यावरचं जनावर संघाच्या अधिवेशनात पहिलं आल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. यंदा येणार, असं सकाळपासून सगळे बोलत होते. चांगल्या गायी घेऊन लोक दुरून त्याच्याकडे येतील, देवकाबाईंना पुढच्या साली ऊस तोडायला जावं लागणार नाही, असंही कुणी म्हणालं. त्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण वळूच्या पाठीवरून त्यांचा हात हलत नव्हता.

दुपारी निवड सुरू झाली. मी मंचावर माईक घेऊन उभी होते. डॉक्टर एकेका वळूसमोर बसत, उठत पुढे सरकत होते. शेंदऱ्यापाशी आले, बसले. वळूनं लगेच त्यांच्याकडे पाहिलं. लोकांत खसखस पिकली. डॉक्टर उठले, "येऊ का?" म्हणाले, मानेवर हात ठेवला. हात मानेवरून खांद्यावर आला, खांद्यावरून बरगडीवर, आणि तिथे थांबला.

तो हात मला मंचावरून दिसत होता. तो पुढे जाईना, मागेही येईना.

मग त्यांनी खिशातून थर्मामीटर काढला. देवकाबाई काहीतरी बोलायला पुढे झाल्या. "डॉक्टर, थे काल..."

"बोलू नोको," डॉक्टर म्हणाले. त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

थर्मामीटर उन्हाकडे धरून त्यांनी बराच वेळ पाहिला. नंतर ते मंचाकडे चालत आले. त्यांनी माझ्या हातातून माईक घेतला. माईकवर बोलताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"सगळ्यायनं ऐका," ते म्हणाले. "तांड्यावरच्या या तांबड्या सांडाच्या आंगावर गाठी हायेत आन ताप हाय. निवड बंद. आपापली जनावरं सोडा आन घरी घेऊन जा. इथल्या हौदावर पानी पाजू नोका. एकाचं दावं दुसऱ्यानं हाती घेऊ नोका. घरी गेल्यावर जनावरं येगळी बांधा."

आवारात एकदम गलका झाला. लोक आपापल्या जनावरांकडे धावले. दावी सुटेनात, गाठी ओढल्या जाऊन घट्ट बसल्या, एक बैल उधळला आणि मंडपाचा खांब घेऊन गेला. अध्यक्ष मंचावर धावत आले. पाहुणे पुढारी वाटेतच होते.

"डॉक्टर, काय बोलून राह्यले तुमी? लॅबचा रिपोर्ट नाही, काही नाही."

"रिपोर्ट येऊस्तोर हे सगळं जनावर एकाच हौदावर पानी पेईल. तुले चालते का?"

"लोकं मारतीन आपल्याले."

"मले मारतीन. तू जाय घरी."

खाली दोन जमाव झाले होते. एक देवकाबाईंच्या भोवती. "तांड्यातून रोग घेऊन आले," कुणीतरी ओरडलं. कुणाच्या तरी हातात बैल हाकायची काठी होती आणि ती खाली नव्हती. दुसरा जमाव मागच्या बाजूनं येत होता, तांड्यावरची आणि शेजारच्या तांड्यांवरची पोरं. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. "आमचं जनावर पह्यलं येऊन राह्यलं म्हनून हा डाव हाय."

डॉक्टर मंचावरून उतरले. रिंगण आखायला चुन्याची फक्की आणली होती, ती टोपली त्यांनी उचलली आणि शेंदऱ्याभोवती, देवकाबाईंभोवती गोल फक्की टाकत फिरले. मग स्वतः त्या गोलाच्या कडेवर, जमावाकडे तोंड करून उभे राहिले.

"याच्या आत कोनी येऊ नोका."

तांड्यावरचा एक उंच पोरगा अगदी पुढे आला. "दुसऱ्या कोनाचा असता तं असं केलं असतं का डॉक्टर?"

"मी जात मोजून नाही राह्यलो. ताप मोजून राह्यलो."

"चुकीचं निघालं तं?"

त्या पोरानं त्यांची कॉलर धरली. मी मंचावरून खाली उतरले होते, पण गर्दीतून पुढे जाता येईना. वळूनं मान झटकली, नाकातून फुत्कार सोडला. तो जर त्या गर्दीत सुटला असता तर काय झालं असतं, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. देवकाबाई एका हातानं वेसण आणि दुसऱ्या हातानं शिंग धरून उभ्या होत्या. त्यांनी त्या पोराला बंजारा बोलीत काहीतरी सांगितलं. आवाज चढवून नाही, हळूच. पोरानं कॉलर सोडली.

आवार रिकामं व्हायला संध्याकाळ झाली. डॉक्टर तोवर त्या गोलाच्या कडेवरून हलले नाहीत. आणि इतका वेळ बाजूला उभ्या असलेल्या बाईशी ते एक शब्द बोलले नाहीत.

शेंदऱ्याला गावी नेऊ द्यायचं नाही असं ठरलं. आवारातल्या मागच्या रिकाम्या शेडमध्ये त्याला बांधलं. त्याला टाकून देवकाबाई जाणार कुठे? त्याही तिथेच राहिल्या. वळूचा नमुना तपासणीला गेला. मी शाळा सुटली की बसनं वाशीमला डबा घेऊन जायचे. डॉक्टर सकाळी यायचे, दाराशी गमबूट बुडवायचे, वळूला "कसं वाटून राह्यलं?" विचारायचे, ताप बघायचे, जायचे. देवकाबाई कोपऱ्यात बसलेल्या असायच्या. दोघांत बोलणं नाही.

एका संध्याकाळी भाकरी मोडता मोडता देवकाबाई मला म्हणाल्या, "म्याडम, गाठी बसून राह्यल्या."

मी पाहिलं. खरंच, अंग जवळजवळ साफ झालं होतं.

"अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मी त्याले माशा मारायचं औषध चोळलं होतं," त्या म्हणाल्या. "नवीन होतं. दुकानदारानं सांगतलं, पान्यात टाकून लावा. मी तसंच लावलं. आंग चमकते म्हने. सकाळी टेम्पोत चढवतानी आंगावर पित्तासारखं उठलं होतं."

"मावशी, तुम्ही हे त्या दिवशी का नाही सांगितलं?"

"सांगू देलं का?"

मी त्याच संध्याकाळी डॉक्टरांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसून गमबूट धूत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं. बूट धुणं थांबलं नाही, पण एकच बूट ते पुन्हा पुन्हा धूत राहिले.

"ताप?" मी विचारलं.

"टेम्पोत कोंडलेलं जनावर, आन भर दुपारचं ऊन," ते म्हणाले. "तितका ताप उन्हानंबी येते." मग बूट पालथा ठेवून म्हणाले, "थे बोलून राह्यली होती."

रिपोर्ट आला. रोग नव्हता. पण रिपोर्ट येईपर्यंत त्या दिवशीचा व्हिडिओ जिल्हाभर फिरला होता. माईकवर डॉक्टर, फक्कीच्या गोलात तांबडा वळू, खाली कुणीतरी लिहिलेलं: तांड्याचा लम्पी सांड. रिपोर्टचा फोटो मी स्वतः सगळ्या गटांवर टाकला. तो कुणी पुढे पाठवला नाही. देवकाबाई गावी गेल्या, तर शेजाऱ्यांनी वळू वस्तीत बांधू दिला नाही. शेताच्या कडेला एकटा बांधायचा. गाय घेऊन कुणी येईना. पुढच्या दिवाळीनंतर देवकाबाई ऊस तोडायला गेल्या. वळूला सांभाळायला म्हातारा दीर मागे राहिला.

संघाची बैठक झाली, तीत डॉक्टरांना पंचपदावरून काढलं. सभासद वाटेल ते बोलले. डॉक्टर फक्त उठताना म्हणाले, "बरं केलं."

त्यानंतर ते मानोऱ्याला गेले, त्या साली ऊसतोड लवकर आटोपून देवकाबाई परत आल्यावर. मला सोबत नेलं. कशासाठी नेताय, विचारलं तर म्हणाले, "मले मानसांशी बोलता येत नाही, तुले माहीत हाय."

तांड्यावर पोचलो तेव्हा देवकाबाई अंगणात सरपण रचत होत्या. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि सरपण रचत राहिल्या. नवरा खाटेवर बसला होता, तो उठला नाही. शेजारची माणसं एकेक करून कुंपणाशी जमली. कॉलर धरणारा तो उंच पोरगाही त्यांत होता. डॉक्टर उन्हात उभे.

शेवटी देवकाबाईच वळल्या. "कायले आले?"

"तुमाले सांगाले आलो," डॉक्टर म्हणाले. "मी चुकलो."

देवकाबाईंनी पदरानं हात पुसले. "इथं कायले सांगता? इथं सगळ्यायले माहीत हाय. जिथून बोलले थिथून सांगा."

"मी आता पंच नाही. मंचावर कोन येऊ देईल?"

"थे तुमी पाहा."

पाणीसुद्धा न पिता आम्ही परत आलो. मला वाईट वाटत होतं, डॉक्टरांना वाटत होतं की नाही कळेना. कारंज्याच्या फाट्यावर त्यांनी स्कूटर थांबवली आणि म्हणाले, "बरोबर हाय तिचं."

पुढचं अधिवेशन भरलं. नवे पंच अकोल्याहून बोलावले होते, तरुण आणि हुशार. देवकाबाई शेंदऱ्याला घेऊन आल्या. टेम्पोवाला तयार झाला नव्हता, तेव्हा त्या दोन मुक्काम करत पायी आल्या होत्या. आवारात त्यांच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी राहिली. लोक आपापली जनावरं ओढून लांब नेत होते. तांड्यावरची पोरं गेल्या वेळेपेक्षा जास्त आली होती आणि काठ्या घेऊन आली होती. अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "म्याडम, तिचं नाव घेऊ नोका माईकवर. शांततेत होऊ द्या."

निवडीच्या थोडं आधी डॉक्टर आले. गमबूट, पांढरा शर्ट. गर्दीनं त्यांना वाट दिली, पण आदरानं नाही. कुणीतरी मागून काही बोललं, कुणी हसलं. ते सरळ मंचाच्या पायऱ्या चढले.

"डॉक्टर, खाली उतरा," अध्यक्ष म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "म्याडम, माईक देऊ नोका."

माईक माझ्या हातात होता. खाली काठ्या होत्या. हा माणूस पुन्हा काही भलतंच बोलला तर काय होईल, मला माहीत नव्हतं. मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी हात पुढे केला होता. मागच्या वेळी त्यांनी माईक सरळ काढून घेतला होता, या वेळी मी देईपर्यंत थांबले होते. मी माईक दिला.

"मांगच्या वेळी मी इथून सांगतलं होतं, यायच्या सांडाले रोग हाय," ते म्हणाले. "रोग नव्हता. मी चुकलो. देवकाबाई मले सांगून राह्यल्या होत्या. मी बोलू नोको म्हनलं. मी जनावराले इचारलं, यायले इचारलं नाही. त्याच्यानं यायचं वरीस गेलं."

अध्यक्ष माईककडे हात करत होते. डॉक्टरांनी माईक दुसऱ्या हातात घेतला.

"अजून एक हाय. उद्या कोन्या जनावराच्या आंगावर गाठी दिसल्या, ताप दिसला, तं निवड बंदच केली पाह्यजे. इचारून करा, पन करा. मी पंच असतो तं पुन्हा केली असती."

खालून आवाज उठला. तो उंच पोरगा पुढे सरकला. आता काय, असं मला झालं. तेवढ्यात रिंगणातून देवकाबाईंचा आवाज आला, चांगला मोठा.

"डॉक्टर. खाली या. जनावर पाहा."

"मी पंच नाही आता."

"मी म्हनून राह्यली ना. पाहा."

डॉक्टर खाली उतरले. रिंगणाच्या कडेला पाण्याची बादली होती, तीत बूट बुडवले. शेंदऱ्यासमोर बसले. उठले, हात फिरवला, मान, खांदा, बरगडी. आणि मग, मी हे कधी पाहिलं नव्हतं, ते मालकाकडे वळले. "काय खाऊ घालता? आंगाले काही लावलं काय?" देवकाबाई सांगत होत्या, ते ऐकत होते. बराच वेळ चाललं ते. लोक हळूहळू जवळ येऊ लागले होते. लांब नेलेली जनावरंही थोडी अलीकडे आली. डॉक्टरांनी वळूला रिंगणात एक फेरी चालवायला सांगितलं, आणि मागे उभं राहून पाहिलं.

"निरोगी हाय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

"नंबर?" देवकाबाईंनी विचारलं.

आता सगळ्यांना वाटलं, हा माणूस पहिला म्हणणार. म्हणायलाच हवं होतं. त्याच्यासाठीच तर आला होता. तांड्यावरची पोरं वाट बघत होती, अध्यक्ष वाट बघत होते, नवे पंचही लिहायचं थांबवून उभे होते.

"दुसरा," डॉक्टर म्हणाले.

उंच पोरानं काठी जमिनीवर आपटली. देवकाबाईंचा नवरा पुढे आला. डॉक्टर हलले नाहीत. त्यांनी वळूच्या मागच्या पायांकडे बोट केलं. "चालतानी मांगचे पाय खुरापाशी जवळ येतेत. बाकी त्याच्यात कायबी कमी नाही. पह्यला थो, रिसोडचा पांढरा."

देवकाबाई वाकल्या. वळूला पुन्हा चार पावलं चालवलं आणि मागच्या पायांकडे बघत राहिल्या. मग त्या सरळ झाल्या, नवऱ्याला हातानं मागे सारलं आणि म्हणाल्या, "बरं."

ऊन कललं तेव्हा निकाल लागला. नव्या पंचांनी शेंदऱ्याला पहिला नंबर दिला. तांड्यावरच्या पोरांनी देवकाबाईंना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, त्यांनी घेऊ दिलं नाही. मी डॉक्टरांना शोधलं, पण ते निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी विचारलं, की नव्या पंचांचा निकाल पटला का. म्हणाले, "त्यायचा त्यायच्यापाशी. माहा माह्यापाशी."

त्याच पावसाळ्यात ते गेले. झोपेतच गेले. मुलगी अकोल्याहून आली, तिनं दारातले गमबूट कुणाला तरी देऊन टाकले. स्मशानात पुढारी होते, अध्यक्ष होते, मागे उभी राहिलेली तांड्यावरची माणसंही होती.

नंतर शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी माझी नेमणूक मानोऱ्याकडे झाली, तेव्हा मी त्या तांड्यावर गेले. शेंदऱ्या आता अंगणातच बांधलेला होता, पुढं चाऱ्याची पेंढी. एक शेतकरी लांबून गाय घेऊन आला होता, दिग्रसकडून असावा.

"हाच काय पह्यल्या नंबराचा?" त्यानं विचारलं.

देवकाबाई खाटेवरून उठल्या. "संघाचा पह्यला," त्या म्हणाल्या. "डॉक्टरचा दुसरा."

"म्हंजे?"

"म्हंजे याचे मांगचे पाय जरा जवळ हायेत. तुह्या गायीचे कसे हायेत थे आधी पाह्य. तिचेबी जवळ असले तं लावू नोको. वासराले तरास होईन."

तो माणूस थोडा गोंधळला. मग त्यानं गायीची दोरी देवकाबाईंच्या हातात दिली, मागे गेला, आणि गाय चालायला लागली तशी वाकून तिचे पाय बघू लागला.